आबांचे डोळे पिवळे का झाले? (लहान मुलांशी आजारपण आणि मरणाबद्दल बोलताना)

कैरीचं_पन्हं | ३ जुलै, रात्री ११.५०

नमस्कार मंडळी. एरवी मी लोणच्यांच्या आणि डब्याच्या धाग्यांवर सापडते, त्यामुळे हा विषय काढताना अवघडल्यासारखं झालंय. पण विचारायचं कोणाला तेही कळत नाहीये.

घरी सासू-सासरे, नवरा, मी आणि लेक. तिला इथे मनू म्हणते. साडेपाच वर्षांची, मोठ्या शिशूत जाते. एप्रिलमध्ये सासऱ्यांना, म्हणजे आबांना, कावीळ झाली म्हणून तपासण्या केल्या आणि निघाला स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतापर्यंत गेलेला. पित्तनलिकेत स्टेंट टाकला, कावीळ उतरली. पहिली केमो कशीबशी झेपली, दुसरीनंतर आबांनीच हात जोडले. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी नवऱ्याला सांगितलं, दोन-तीन महिने धरून चला. आबांना सगळं ठाऊक आहे, रिपोर्ट त्यांनीच आधी वाचले. ठाऊक नाही ते फक्त मनूला, असं आम्ही मोठी माणसं धरून चाललोय.

आता हळदीची गोष्ट. कावीळ झाली तेव्हा मनूने विचारलं होतं, आबांचे डोळे पिवळे का झाले? सासूबाई पटकन म्हणाल्या, हळदीचं दूध जास्त झालं त्यांना. सगळे हसले, विषय मिटला. तेव्हापासून पोरगी हळदीला शिवत नाही. दूध सोडाच, वरण नको, पोहे नकोत, बटाट्याची भाजी पांढरी कर. मी नखरे समजत होते, दोनदा ओरडलेही. परवा आंघोळीनंतर आरशासमोर उभी राहून तिने खालची पापणी बोटाने ओढली आणि मला विचारलं, "आई, माझे झाले का गं?"

तेव्हापासून झोप नाही.

नवरा म्हणतो, आत्ता नको. सासूबाईंचं म्हणणं, लेकराच्या कानावर असलं घालायचं नसतं. वेळ आली की तिला चार दिवस माझ्या आईकडे नाशिकला पाठवायचं आणि परत आली की सांगायचं, आबा देवाघरी गेले. मी सासूबाईंवर चिडलेली नाही. चव्वेचाळीस वर्षांचा संसार डोळ्यांदेखत चाललाय त्यांचा, आणि त्या पहाटे उठून त्यांच्यासाठी पेज गाळत असतात. पण हळदीचं काय करू? किती सांगायचं, कोणत्या शब्दांत, आणि कोणी?


मिसळवाला | ४ जुलै, सकाळी ८.१५

ताई, आधी आबांना आराम पडो. पण माझं मत जरा वेगळं आहे. माझे आजोबा गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मला आत्याकडे साताऱ्याला धाडलं. आठ दिवस कंदी पेढे खाल्ले, परत आलो तर आजोबांची खाट नव्हती. संपला विषय. काय बिघडलं माझं? सगळं सांगा, सगळ्यावर बोला, हे हल्लीचं फॅड आहे. लहानपण एकदाच येतं, ते तरी नीट जाऊ द्या.


ताकपिठं | ४ जुलै, सकाळी १०.०२

@मिसळवाला, खाट नव्हती हे इतक्या वर्षांनी लक्षात आहे की तुमच्या. :)

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडं पुस्तकी. मारिया नागी नावाच्या बाईंनी बुडापेस्टमध्ये ३ ते १० वर्षांच्या ३७८ मुलांना मरणाबद्दल बोलतं केलं होतं. त्यांचा लेख १९४८ चा. पाचाच्या आतली मुलं मरण म्हणजे कुठेतरी जाणं किंवा झोपणं समजायची, म्हणजे परत येण्याची सोय असलेलं. त्यापुढच्या मुलांच्या बोलण्यात मरण हा माणूस व्हायचा, येऊन घेऊन जाणारा. नवाच्या पुढे कळायचं की हे शरीरातच घडतं आणि सगळ्यांचंच होतं. नंतरच्या अभ्यासांत मुलांना हे लवकर, साधारण पाच ते सातच्या दरम्यान उमगतं असं दिसलं. तेही एका दिवसात नाही. 'परत येत नाही' हे आधी कळतं, 'मलाही येणार' हे मागाहून.

मनू बरोब्बर त्या उंबऱ्यावर आहे.

त्या नेणाऱ्या माणसाचं म्हणाल तर आपल्याकडे त्याला नाव, हातात फास आणि बसायला रेडा, सगळं तयार आहे. माझा भाचा वर्षभर कोपऱ्यावरच्या गोठ्यात दूध आणायला यायचा नाही. कारण कळायला आम्हाला वर्षच लागलं.


रात्रपाळी | ५ जुलै, रात्री २.४०

मी मुंबईत लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात सिस्टर आहे, चौदा वर्षं झाली. टंकायला ह्याच वेळी मिळतं, चुका पदरात घ्या.

पन्हंताई, मनूला माहीत आहे. स्वादुपिंड माहीत नसेल, पण ती खोलीत आली की बोलणं थांबतं, आजी मोरीत नळ सोडून रडते, हे तिला कधीच कळलंय. त्याला कारण तेवढं कोणी दिलं नाही, म्हणून तिने हळदीचं लावलं.

तर आधी हळद निस्तरा. उद्याच. 'आजी चेष्टेत म्हणाली होती, हळदीने डोळे पिवळे होत नाहीत. आबांच्या पोटात एक बारीक नळी आहे, ती दाबली गेली आणि आतलं पिवळं पाणी अंगभर पसरलं. डॉक्टरांनी नळी मोकळी केली.' साडेपाच वर्षांच्या पोरीला एवढं मस्त कळतं.

आजाराला त्याच्या नावाने हाक मारा. नुसतं 'आबा आजारी आहेत' म्हणालात तर पुढच्या सर्दीला तिला वाटेल आपलाही नंबर लागला. कॅन्सर म्हणा. आपला ताप येतो आणि जातो, हा तसला नाही. चिकटत नाही, मांडीवर बसलं, उष्टं खाल्लं तरी होत नाही.

मुलं तीनच गोष्टी विचारतात, आणि बऱ्याचदा तोंडाने विचारत नाहीत. माझ्यामुळे झालं का? मला होईल का? आणि माझं कोण बघणार? तिसरा ऐकला की मोठ्यांना राग येतो, आजोबा इथे असे आणि हिला शाळेच्या व्हॅनची पडलीये. तिला पडायलाच हवी. व्हॅनपाशी आबा उभे राहत असतील तर उद्यापासून कोण उभं राहणार ते नावानिशी सांगा.

आता तो शब्द. आपल्या तोंडून तो निघतच नाही. गेले, वारले, देवाघरी गेले, आटोपलं. आपल्याला त्या 'गेले'चं वजन कळतं, मुलाच्या लेखी बाबा ऑफिसला गेले तसेच हेही गेले. मरण, मेले, हे शब्द एकदा तरी वापरा आणि लगेच त्याचा अर्थ सांगा. श्वास थांबतो, छातीतली धडधड थांबते. भूक लागत नाही, दुखत नाही, थंडी वाजत नाही. आणि ते परत सुरू होत नाही. 'झोपले' मात्र चुकूनसुद्धा नको. भाऊ 'शांत झोपला' असं ऐकलेली एक छोटी बहीण नंतर कित्येक रात्री आईला दर थोड्या वेळाने हलवून जागं करायची.

एका दमात सगळं ओतू नका. दोन वाक्यं बोला आणि गप्प बसा. ती म्हणेल, मला बिस्कीट दे. द्या बिस्कीट. ते तिने ऐकलेलं असतं. चार दिवसांनी भलत्याच वेळी, तुम्ही गाडी लावत असताना, पुढचा प्रश्न येईल.

बेडवर घंटी वाजतेय, जाते.


फणसपोळी | ५ जुलै, दुपारी ३.२०

रात्रपाळीताईंचा शब्द न् शब्द पटला. मी 'देवाघरी गेला'वाली आहे, म्हणून लिहिते.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत नवरा गेला. लेक तेव्हा चार वर्षांचा. हॉस्पिटलात गेलेला माणूस परत दिसलाच नाही, ना चेहरा, ना घरून निघालेली तिरडी. मलाच खरं वाटत नव्हतं, त्याला काय सांगणार? सगळ्यांनी मिळून सांगितलं, बाबा बाप्पाला खूप आवडायचा, म्हणून बाप्पाने त्याला नेलं. झालं. पोरगा देवघरापुढे हात जोडेना. शेजारच्या काकू लाडाने म्हणाल्या, किती गुणी बाळ आहे, बाप्पाला आवडेल हं! तो त्या दिवशी त्यांच्या देखत मुद्दाम पाण्याचा तांब्या उपडा करून आला. आपण बाप्पाला आवडता कामा नये, हा त्याचा हिशोब.

दुसरी गोष्ट सांगायला मला अजून जड जातं. अस्थींच्या वेळी 'विसर्जन' हा शब्द त्याच्या कानावर पडला होता. आमच्याकडे विसर्जन म्हणजे पुढच्या वर्षी लवकर या. पुढच्या भाद्रपदात मी आणि दीर मूर्ती घेऊन आलो, मांडीवर पाट, वर रुमाल झाकलेला. पोरगा धावत खाली आला. बाप्पाकडे बघितलंसुद्धा नाही. गाडीच्या मागे जाऊन डिकी उघडायला लावली. आत वाकून बघितलं, स्टेपनीच्या मागेही बघितलं, आणि म्हणाला, "बाबा नाही आला?"

वर्षभर तो मोजत होता आणि मला पत्ता नव्हता.

त्या रात्री मी त्याला पहिल्यांदा 'मेला' म्हटलं. कसं म्हटलं माझं मला माहीत. तो रडला, मीही. मग त्याने विचारलं, म्हणजे शाळेत बाबाच्या नावापुढे काय लिहायचं? आता आठ वर्षांचा आहे, हात जोडतो, बाप्पाशी भांडतो पण.


कोरडा_खोकला | ५ जुलै, सायंकाळी ६.०१

+१. वाखूसा (वाचनखूण साठवली). डिकीपाशी थांबलो, पुढचं घरी जाऊन वाचलं.


अंतू_मास्तर | ६ जुलै, सकाळी ६.३०

मी सांगोल्याकडचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं काढली. खेड्यात मरण लपवायला जागाच नसते हो. वासरू मरतं, चुलता मरतो, ओट्यावरच सगळं. पोरं पायाशी बसलेली असतात. म्हणून त्यांना समजतंच असं नाही, पण निदान कोणी त्यांना साताऱ्याला धाडत नाही. (मिसळवाले, गंमत करतोय.)

मी तिसरीला असताना, म्हणजे शिकवत असताना, माझ्या वर्गातला एक पोरगा शेततळ्यात बुडाला. मी तिसऱ्या दिवशी शाळा उघडली. हजेरी घ्यायला बसलो. माझ्या हिशेबाने मी शहाणपणा केला, सोळानंतर एकदम अठरा वाचला. वर्ग चिडीचूप. मग पुढच्या पट्टीवरची एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, सतरा राह्यला."

मला पुढे वाचता येईना. हजेरीपट मिटला आणि पोरांनाच विचारलं, काय करायचं? बरीच भवति न भवति झाली. एक म्हणाला, नाव खोडा. दुसरा म्हणाला, खोडलं तर तो आलाच नव्हता असं होईल. शेवटी ठरलं की महिना संपेपर्यंत नाव वाचायचं आणि कोणी 'हजर' म्हणायचं नाही. एक तारखेला नवा पट सुरू झाला की मग नाही. सव्वीस तारखेपर्यंत मी ते नाव वाचलं, मधे सुट्ट्या आल्या. त्या तेवढ्या क्षणी वर्गात पंख्याचा आवाज यायचा.

वरच्या साहेबांना कळलं असतं तर रेकॉर्डमध्ये गडबड म्हणून मेमो आला असता.


थेम्सकाठची_भाकरी | ६ जुलै, दुपारी २.१०

परदेशातल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. माझी आई सांगलीत गेली. माझ्या चार वर्षांच्या लेकीसाठी आजी म्हणजे रोज सकाळी आयपॅडवर दिसणारी. मी एका रात्रीत विमान पकडून गेले, पंधरा दिवसांनी आले. लेकीने आयपॅड चार्जिंगला लावून ठेवला होता. रोज लावायची म्हणे. स्क्रीन काळी झाली की चार्ज करायचं असतं, आम्हीच शिकवलेलं.

इथे शाळेने मदत केली. विन्स्टन्स विश म्हणून एक संस्था आहे, १९९२ सालची, आप्तांचा मृत्यू बघितलेल्या मुलांसाठीच काम करते. त्यांच्याकडच्या कल्पनेवरून आम्ही एक खोका केला. आईच्या सुती साडीचा तुकडा, तिच्या अक्षरातली भाजणीची चिठ्ठी, दोन काळे मणी. लेक तो खोका महिन्यातून एकदा उघडते आणि साडीचा वास घेते. वास कधीच गेलाय, आता कपाटाचा येतो. पण मी ते सांगितलेलं नाही. हे खोटं मला चालतं.


कैरीचं_पन्हं | १२ जुलै, रात्री १०.३५

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. हळद निस्तरली. नळीचं चित्र काढून दाखवलं, अळीसारखं आलं. मनू म्हणाली, "मग मी पोहे खाऊ?" दोन वाट्या खाल्ल्या. कॅन्सर शब्दही सांगितला. ती दिवसभर तो बाहुलीला लावत बसली. बाहुलीला कॅन्सर, हत्तीला कॅन्सर, हत्तीला सलाईन. सासूबाईंनी ऐकलं आणि त्या माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

मरणाचं अजून बोलले नाही. जीभ उचलत नाही.


श्रावणसर | १३ जुलै, दुपारी १२.४५

विषयाला धरून, पण उलट्या बाजूने विचारतो. मूलच आजारी असेल तर? माझ्या चुलतभावाच्या सात वर्षांच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर निघालाय. त्याला 'रक्त कमी आहे' एवढंच सांगितलंय. खरं सांगायचं का?


रात्रपाळी | १४ जुलै, रात्री ३.०५

सांगायचं. पण त्याच्याशी मरणाचं बोलायची वेळ आलेलीच नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा ल्युकेमिया, एएलएल म्हणतात तो असेल, तर नीट आणि पूर्ण उपचार झाले की बहुतेक मुलं बरी होतात. उपचार लांबतात, दोन वर्षं आणि वर. दोन वर्षं 'रक्त कमी आहे' पुरणार आहे का? पाठीत सुई टोचतात, केस जातात, आणि कोणी खरं बोलत नाही. मग ते मूल ठरवतं की ही शिक्षा आहे. वॉर्डात मी हे ऐकलंय, 'मी आता त्रास देणार नाही, मला घरी न्या.'

शिवाय वॉर्डात पोरं एकमेकांना सगळं सांगतात. कोणती सुई दुखते, कोणत्या सिस्टरचा हात हलका. शेजारची खाट रिकामी झाली की आम्ही 'घरी गेला' म्हणतो आणि ती आमच्या तोंडाकडे बघत राहतात. बाहेरगावचे असाल आणि मुंबईत राहायची अडचण असेल तर सेंट ज्यूड इंडियाची केंद्रं आहेत, २००६ पासून. उपचार चालू असलेलं मूल आणि त्याचे आईबाप यांची फुकट सोय होते. हॉस्पिटलच्या समाजसेवकांना विचारा, ते नाव घालतात.


ताकपिठं | १४ जुलै, सकाळी ९.५०

रात्रपाळी म्हणतात तेच १९७० च्या दशकात मायरा ब्लूबाँड-लँगनर यांनी अमेरिकेतल्या एका वॉर्डात पाहिलं. ल्युकेमियाची तीन ते नऊ वर्षांची मुलं. तेव्हा त्यातली फार थोडी वाचायची. कोणी काही सांगितलेलं नसताना त्यांना सगळं कळलेलं असायचं. आणि आईबाबांना आपल्याला कळलंय हे कळू नये म्हणून ती सांभाळून बोलायची. मूल आईबापांना जपत होतं.

आणखी एक. कॅन्सरने मूल गेलेल्या पालकांचा स्वीडनमधला अभ्यास २००४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. मुलाशी मरणाबद्दल बोललेले १४७ पालक होते. एकालाही पस्तावा नव्हता. न बोललेल्या २५८ पैकी ६९ जणांना वाटत होतं, बोलायला हवं होतं.


मिसळवाला | १४ जुलै, सकाळी ११.२०

म्हणजे न बोललेल्या चारातल्या तिघांना पस्तावा नाहीच. हे कोणी ठळक करत नाही.


ताकपिठं | १४ जुलै, दुपारी १.०५

मान्य, रास्त मुद्दा. म्हणूनच मी 'बोललंच पाहिजे' असं म्हणणार नाही. पण त्याच अभ्यासात पुढे हेही आहे की आपल्या मुलाला कळलंय असं ज्या पालकांना आतून जाणवत होतं, त्यांच्यात न बोलल्याचा पस्तावा बराच जास्त होता. तुमच्या आत्यांना जाणवलं नसेल. पन्हंताईंना आरशासमोर जाणवलंय.


कैरीचं_पन्हं | ४ ऑगस्ट, रात्री ११.१५

मला काही सांगावं लागलंच नाही. आबांनीच सांगितलं.

आबा पिंपरीला एका कंपनीत टूलरूमला होते, पस्तीस वर्षं. अजूनही घरातला पान्हा कोणी जागेवरून हलवला तर त्यांना कळतं. रविवारी दुपारी मी कपडे घड्या करत होते, मनू त्यांच्या पलंगावर. तिने सरळ विचारलं, "आबा, तुमचा कॅन्सर कधी बरा होणार?" मी हातातला टॉवेल तसाच धरून उभी.

आबा म्हणाले, "नाही होणार. आतला पार्ट गेलाय."
"मग नवीन बसवा."
"त्याचा स्पेअर मिळत नाही."
"ऑनलाइन बघू?"
"तिथेही नाही."
"मग?"
"मग मी बंद पडणार. मरणार."

ती थोडा वेळ त्यांच्या बनियनच्या भोकात बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "आणि माझ्या सायकलची छोटी चाकं? तुम्ही काढणार होता ना दिवाळीत."

सोमवारी सकाळी आबांनी खुर्ची पार्किंगमध्ये नेऊन ठेवायला लावली. औषधाच्या पट्टीने जरा बरं होतं त्यांना. चौदा नंबरचा पान्हा मागितला. नट गंजलेला, खोबरेल सोडलं, वीस मिनिटं लागली. नवरा दोनदा म्हणाला, आण मी काढतो. त्याच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. दोन्ही चाकं काढून मनूच्या हातात दिली. नवरा तिथून वर आला आणि बाथरूममध्ये अर्धा तास. सासूबाई खिडकीत उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत.

अवांतर: वेदना वाढल्यात. कोणाला घरी येऊन बघणारं किंवा दाखल करून घेणारं पुण्यात कोणी माहीत आहे का?


रात्रपाळी | ५ ऑगस्ट, रात्री १.५५

वारज्याला सिप्लाचं उपशामक सेवा केंद्र आहे, म्हणजे आजार बरा होणारा नसला तरी दुखणं हलकं करणारं, १९९७ पासून. कॅन्सरच्या रुग्णांसाठी, पैसे घेत नाहीत. मुंबईत कोणाला लागलं तर वांद्र्याला शांती आवेदना सदन, १९८६ चं, देशातलं पहिलं. वेदनेसाठी मॉर्फीन सुचवलं तर घाबरू नका. आणि तुम्ही स्वतः रात्री-अपरात्री खचलात तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं.

आबांना माझा नमस्कार सांगा. फक्त एक, यंत्राची उपमा जपून हं. यंत्रं दुरुस्त होतात.


कैरीचं_पन्हं | १९ ऑगस्ट, रात्री १०.४०

ताई, तुमच्या तोंडात साखर पडो की काय पडो! गेल्या आठवड्यात मिक्सर बंद पडला. मनू: "मिक्सर मेला?" मी घाईत होते, हो म्हणाले. शुक्रवारी नवरा दुरुस्त करून घेऊन आला. घुर्र करून चालू झाला आणि ती धावत आबांच्या खोलीत, "आबा, मिक्सर परत आला!!"

पुन्हा पहिल्यापासून. मिक्सर जिवंत नव्हताच, म्हणून मेलाही नव्हता, बिघडला होता. माणूस, मांजर, झाड मरतं. मरतं ते परत येत नाही. कुंडीतलं वाळलेलं तुळशीचं रोप दाखवलं. त्याला तिने तीन दिवस पाणी घालून बघितलं. मी अडवलं नाही.

आबा वारज्याला आठ दिवस राहून घरी आले. दुखणं आटोक्यात आहे. आता नेमका प्रश्न: ती वेळ येईल तेव्हा मनूला नाशिकला पाठवू की नको?


फणसपोळी | २० ऑगस्ट, सकाळी ७.१०

मला विचाराल तर नको. माझ्या लेकाला बघायलाच मिळालं नाही. त्याचं आजही म्हणणं आहे की कोणीतरी चुकीचा माणूस जाळला असेल.


रात्रपाळी | २१ ऑगस्ट, रात्री ३.३०

तिलाच विचारा. आधी सांगून ठेवा काय दिसेल: आबा हलणार नाहीत, अंग गार असेल, नाकात कापूस असेल, मोठी माणसं मोठ्याने रडतील, आजीसुद्धा. बघायचं असेल तर बघ, नको वाटलं तर नको, मधेच बाहेर जायचं तरी चालेल. आणि एक माणूस फक्त तिच्यासाठी ठेवा, ज्याला त्या दिवशी दुसरं काही काम नसेल. तुम्ही आणि तुमचे मिस्टर नाही. तुम्हाला तुमचंच पुरेल.


कैरीचं_पन्हं | २५ सप्टेंबर, रात्री ११.२०

आबा ११ तारखेला पहाटे गेले. मेले, म्हणायला हवं ना. घरीच, सासूबाईंचा हात त्यांच्या कपाळावर.

माझी धाकटी बहीण नाशिकहून आली ती फक्त मनूसाठी. मनूला विचारलं, ती बघायचं म्हणाली. पायापाशी उभी राहिली. अंगठ्याला बोट लावलं आणि म्हणाली, "गार आहे. मोजे?" मी काही बोलायच्या आत तिचं तिनेच, "नको ना. थंडी नाही वाजत आता." मग पाच मिनिटांनी बहिणीला घेऊन खाली गेली आणि पार्किंगमध्ये सायकल चालवत बसली. तिरडी उतरवली तेव्हाही चालवतच होती. वरच्या मजल्यावरच्या एक बाई म्हणाल्या, पोरीला काही वाटत नाही का? त्यांना काय सांगणार. रात्री अंथरूण ओलं केलं, तीन वर्षांत पहिल्यांदा. अजून अधूनमधून होतंय. शाळेतल्या बाईंना सांगून ठेवलंय. त्याच प्रश्नाची उत्तरं रोज द्यावी लागतात, कालचा 'आबांचा मोबाईल वाजला तर कोण घेणार' हा चौथ्यांदा होता.

मिसळवाले, तुमची आठवण आली. त्यांचा पलंग हलवायचा होता, मनूला विचारून हलवला. ती म्हणाली, चालेल, पण चष्मा राहू दे.

तेराव्याला आबांच्या आवडीचं केलं होतं, भरलं वांगं, सुधारस, आळूची वडी. सासूबाई कावळ्यासाठी गच्चीत पान घेऊन निघाल्या, मनू त्यांच्या मागे, मी तिच्या मागे. पान कठड्यावर ठेवलं. मनू म्हणाली, "आजी, आबांना भूक नाही लागत ना आता? मग हे कोणासाठी?"

माझ्या पोटात गोळा आला. इतके दिवस मी घोकून घेतलं होतं, भूक लागत नाही, दुखत नाही. आता सासूबाई काय म्हणतील? त्यांनी पदराने डोळे पुसले, पानाकडे बघितलं.

"कावळ्यासाठी गं," म्हणाल्या. "त्याला लागते ना."

मनूला ते पटलं. पाण्याच्या टाकीवर दोन कावळे होते. त्यांच्यासाठी वडीचे तुकडे करायला ती खाली बसली, आणि सासूबाई तिच्या शेजारी.